पोटात जंतू सापडला, म्हणजे पोटदुखीचं कारण सापडलं का?

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. "पोराच्या पोटात जंतू निघालाय गं. रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. तू पीएच.डी. करतीस नव्हं, सांग काय ते." भाचा सात वर्षांचा. वर्षभर अधूनमधून बेंबीभोवती दुखतं म्हणतो. ओवा झाला, हिंग लावून झाला, नजर काढून झाली, भडंग बंद झालं. आता हातात रिपोर्ट: हेलिकोबॅक्टर पायलोरी.

या जंतूची गोष्ट मोठी झोकात सांगितली जाते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये वॉरन आणि मार्शल यांनी तो जठरात दाखवला, कुणी ऐकेना म्हणून मार्शल १९८४ मध्ये तो स्वतःच प्यायला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अल्सरच्या बाबतीत ते बरोबर ठरले, यात वादच नाही. माझी तक्रार पुढच्या उडीबद्दल आहे: जंतू अल्सर करतो, म्हणून मुलाच्या पोटदुखीमागेही तोच असणार.

अशी उडी मारणारे अभ्यास एका साच्याचे असतात. पोटाची तक्रार घेऊन दवाखान्यात आलेली मुलं तपासायची, निम्म्यांत जंतू निघाला की निष्कर्ष लिहायचा: 'लक्षणे असलेल्या मुलांत संसर्गाचे प्रमाण लक्षणीय आहे.' बरं, पण ज्यांचं पोट दुखत नाही त्यांच्यात किती? ती मुलं तपासलेलीच नसतात!

आपल्याकडे हाच प्रश्न कळीचा आहे. १९९४ मध्ये इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीमध्ये मुंबईचे आकडे आले. या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांचं, म्हणजे अँटिबॉडींचं प्रमाण पाच वर्षांखालच्या मुलांत २२ टक्के, पाच ते नऊ वयात ५६ टक्के आणि दहा ते एकोणीस वयात ८७ टक्के होतं. आता पन्नास मुलांचा दुसरीचा वर्ग डोळ्यासमोर आणा. या हिशेबाने २८ मुलं पॉझिटिव्ह. जॉन ॲप्ली यांनी १९५८ मध्ये ब्रिस्टलच्या हजार शाळकरी मुलांत पाहिलं तेव्हा साधारण दहात एकाला वारंवार पोटदुखी होती. तेच प्रमाण धरलं तर आपल्या वर्गात पाच मुलं. जंतूचा दुखण्याशी काडीचा संबंध नसला, तरी त्या पाचांतली तीनेक पॉझिटिव्ह निघणारच. त्या तिघांच्या घरी मात्र 'कारण सापडलं' म्हणून सुटकेचा निःश्वास. उरलेली पंचवीस पॉझिटिव्ह मुलं मैदानात हुंदडत असतात, त्यांना कोण विचारतंय?

मुंबईच्या आकड्यांनाही मर्यादा आहेत. ते तीस वर्षं जुने आहेत, आणि प्रतिपिंडं जुन्या संसर्गानंतरही रक्तात राहू शकतात. पण हा दुसरा मुद्दा ताईच्या रिपोर्टलाही तितकाच लागू होतो. तोही प्रतिपिंडांचाच आहे.

तुलनेचा गट घेतलेले अभ्यास डच संशोधकांनी एकत्र करून २०१० मध्ये पीडिॲट्रिक्समध्ये मांडले. वारंवार होणारी पोटदुखी आणि हा जंतू यांत त्यांना संबंध दिसला नाही. तज्ज्ञांकडे पाठवलेल्या मुलांत मोघम पोटदुखीशी थोडा संबंध दिसला, आणि वरच्या पोटातल्या दुखण्याबद्दल पुरावा उलटसुलट निघाला. म्हणजे 'जंतू निर्दोष' असंही कुणी म्हणू नये. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या २०१७ च्या सूचना मला म्हणूनच शहाण्या वाटतात: जंतू शोधू नका, दुखण्याचं कारण शोधा. कार्यात्मक पोटदुखीत ही तपासणी करूच नका, आणि निदानासाठी रक्तातल्या प्रतिपिंडांवर विसंबू नका.

"पण औषध दिलं तर बिघडलं काय?" हा ताईचा प्रश्न. चौदा दिवस दोन प्रतिजैविकं आणि वर आम्ल कमी करणारं औषध, हा काही खडीसाखरेचा खडा नव्हे. जुलाब होतात, तोंड कडू पडतं, पोर गोळ्या थुंकतं, डोस चुकतात. अर्धवट उपचारात औषधाला न जुमानणारे जंतू मागे राहतात. आणि सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे खरं कारण शोधणं थांबतं.

काही खुणा मात्र कधीच अंगावर काढू नयेत: उलटीत रक्त, काळी शौच, वजन घटणं, दुखण्याने रात्री झोपेतून उठणं, लोहाची औषधं देऊनही न हटणारा रक्तक्षय. तिथे दुर्बिणीची तपासणी लागू शकते, आणि तिथे हा जंतू खरोखर गुन्हेगार असू शकतो.

भाच्यात यातलं काहीच नव्हतं. औषध द्यावं की नाही हे सांगायचा मला अधिकार नाही. मी ताईला डॉक्टरांना विचारायला दोन प्रश्न दिले: या तपासणीवरून आत्ता संसर्ग आहे असं म्हणता येतं का? आणि दुसरं काय काय पाहून झालंय? दुसऱ्या प्रश्नावर डॉक्टरांनी पोराला विचारलं, शी रोज होते का? तेव्हा कळलं, शाळेचा संडास घाण म्हणून साहेब दिवसभर दाबून धरतात, आणि तीन-तीन दिवस जातच नाहीत.

आता आधी बद्धकोष्ठतेवर उपचार चाललेत. रिपोर्ट फाईलमध्ये आहे. गरज पडली तर बघू.