निसटलेली नीलगाय : जहांगीरनाम्यांतील शिकारीच्या पानांचें परीक्षण

जहांगीर बादशहानें स्वतः लिहिलेला आपल्या कारकीर्दीचा वृत्तांत, म्हणजे जहांगीरनामा अथवा तुझुक-इ-जहांगिरी, हा फारशी साधनांच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. या ग्रंथाचा उपयोग आजवर बहुधा मोहिमा, मनसबी, नेमणुका व दक्षिणेचें राजकारण यांपुरताच झाला. शिकारीच्या हकीकती आल्या कीं वाचक पानें उलटतो, आणि उतारे निवडणारा संपादक तेथें कात्री लावतो. प्रस्तुत लेखांत आम्ही नेमकीं तींच पानें परीक्षणासाठीं घेतलीं आहेत. आणि त्यांतही जीं जनावरें सहज पडलीं त्यांचीं नव्हे, तर जीं निसटलीं किंवा निसटतां निसटतां सांपडलीं त्यांचीं. शिकाऱ्यास पडलेल्या दहा हरिणांचा विसर पडतो, पण हातचें गेलेलें एक मोठें हरिण तो जन्मभर सांगत बसतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. या चुटपुटीचा ऐतिहासिक पुरावा म्हणून कितपत उपयोग करतां येईल, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम ग्रंथाच्या पाठाविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. जहांगीराच्या नांवावर आठवणींचे दोन निराळे पाठ चालत आले. मेजर डेव्हिड प्राइस यांनीं इ. स. १८२९ त ज्या पोथीवरून इंग्रजी भाषांतर छापलें, तिचा पाठ बनावट ठरला आहे. त्यांत जडजवाहीर व खर्चवेच यांचे आंकडे अवास्तव फुगविलेले आहेत. अस्सल ग्रंथाचा फारशी पाठ सय्यद अहमद खान यांनीं १८६३-६४ सालीं गाझीपूर व अलीगड येथें छापला. अलेक्झांडर रॉजर्स यांनीं केलेलें व हेन्री बेव्हरिज यांनीं शोधून सिद्ध केलेलें इंग्रजी भाषांतर १९०९ व १९१४ सालीं दोन भागांत निघालें. आणि १९९९ सालीं थॅक्स्टन यांचें नवें भाषांतर प्रसिद्ध झालें. पहिल्या बारा वर्षांचा वृत्तांत पुरा होतांच १६१८ सालीं बादशहानें त्याच्या प्रती करविल्या व पहिली प्रत शहाजहानास दिली. सतराव्या वर्षीं प्रकृति खालावल्यामुळें लेखणी मुतमदखानाच्या हातीं गेली. एकोणिसाव्या वर्षाच्या आरंभीं हा वृत्तांत थांबतो, आणि पुढील भाग अठराव्या शतकांत महंमद हादी यानें इतर ग्रंथांच्या आधारें जोडला. कोणतें पान कोणाच्या हातचें, हें ध्यानांत ठेवल्याशिवाय पुढील विवेचनाचें मर्म कळणार नाहीं.

आतां शिकारीचा हिशेब पाहूं. अकराव्या राज्यवर्षाच्या शेवटीं बादशहानें आपल्या वयाच्या बाराव्या वर्षापासूनच्या शिकारीची मोजदाद दप्तरांतून काढविली. त्याच्या समक्ष एकंदर २८,५३२ जनावरें व पक्षी मारले गेले. त्यांपैकीं १७,१६७ त्यानें स्वतःच्या हातें मारले. यांत चतुष्पाद ३,२०३ व पक्षी १३,९६४. चतुष्पादांत सिंह-वाघ ८६ आणि नीलगाई ८८९. नीलगाय म्हणजे आपल्या वऱ्हाड-नागपूरकडील रोही. नांवांत गाय असली तरी जात मोठ्या कुरंगाची, आणि तिचा नर चांगल्या घोड्याएवढा थोराड. बादशहास या शिकारीचा विशेष नाद होता, व मोठें जनावर पडलें कीं तो त्याचें वजन करवून नोंदीत असे.

आंकड्यांच्या या काटेकोरपणाचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. परंतु आमच्या मतें या यादींतील खरी लक्षांत घेण्याजोगी गोष्ट म्हणजे तींत नसलेला रकाना. पडलेलें जनावर दप्तरांत चढतें. निसटलेल्याची नोंद दप्तरांत होत नाहीं. ती होते शिकाऱ्याच्या मनांत. ८८९ नीलगाईंपैकीं बहुतेकांविषयीं संख्येपलीकडे ग्रंथांत कांहीं नाहीं. पण ज्यांनीं बादशहास दमविलें, त्यांची हकीकत मात्र त्यानें सविस्तर लिहिली. दप्तरदाराची नोंद आणि बादशहाची स्वतःची लेखणी यांतील भेद ओळखण्याची खूण येथें सांपडते.

अशा दोन हकीकती या पानांत लागोपाठ आल्या आहेत. पहिलींतील नीलगाय मागील दोन वर्षांत बादशहाच्या गोळीनें जखमी होऊनही निघून गेली होती. तीच पुनः शिकारगाहींत दिसली आणि तेथील राखणदारानें तिला ओळखलें. त्या दिवशीं बादशहानें आणखी तीन वेळां गोळी झाडली, व्यर्थ गेली. तीन कोस तो पायीं तिच्या मागें धांवला, तरी ती हातीं येईना. अखेर त्यानें नवस केला कीं, ही पडली तर हिचें मांस शिजवून ख्वाजा मुईनुद्दीन यांच्या नांवें फकिरांस खाऊं घालीन. शिवाय एक मोहोर व एक रुपया आपल्या दिवंगत पित्याच्या नांवें बोलला. थोड्याच वेळांत जनावर थकून थांबलें व सांपडलें. दोन-तीन दिवसांनीं दुसऱ्या एका नीलगाईच्या मागें खांद्यावर बंदूक टाकून तो सूर्यास्तापर्यंत हिंडला, पण ती नेमास उभी राहीना. आशा सुटली तेव्हां, हीही ख्वाजांचीच, असे शब्द त्याच्या तोंडून निघाले, आणि त्याच क्षणीं ती खालीं बसली.

या कथेंतील चमत्काराची चिकित्सा फार करावयास नको. ज्या जनावराच्या अंगांत जखमा आहेत, किंवा ज्याच्या मागें दिवसभर माणूस लागला आहे, तें कोठें तरी बसणारच. महत्त्व दुसऱ्याच गोष्टीस आहे. हिंदुस्थानचा बादशहा, चोहोंकडे घोडेस्वार, हांकारे व चित्ते सिद्ध असतां, एका जनावरामागें तीन कोस पायीं धांवतो. आपल्या गोळ्या फुकट गेल्या हें मोजून सांगतो. आणि शेवटीं आपल्या नेमावर भरंवसा न ठेवतां फकिराच्या नांवाचा आश्रय घेतो. पदरच्या भाटानें ही हकीकत अशी लिहिली नसती. त्यानें पहिल्याच गोळीस नीलगाय पाडली असती. बनावट पाठाची वृत्ति नेहमीं फुगविण्याकडे असते. फसलेल्या गोळ्या, दोन वर्षांची चुटपुट, राखणदारानें पटविलेली ओळख, असला बारीक व लेखकास कमीपणा आणणारा तपशील अस्सल लेखणीसच सुचतो. निसटलेल्या हरिणाच्या खेदास आम्ही जो पुरावा मानतों तो याच कारणानें.

परंतु येथें एक सावधगिरी पाहिजे. खरेपणा म्हणजे पश्चात्ताप नव्हे. या ग्रंथाचे प्रशंसक जहांगीराच्या मोकळेपणावर इतके लुब्ध झाले आहेत कीं, त्यानें एखादें क्रौर्य स्वतः नोंदिलें म्हणजे तें जणूं कबूल करून धुवून टाकलें असें त्यांस वाटतें. त्यांनीं १६१० सालची दुसरी एक नोंद वाचावी. हीही नीलगाईचीच आहे. बादशहा माऱ्याच्या टप्प्यांत पोंचला असतां एकाएकीं एक जिलोदार, म्हणजे घोड्याबरोबर चालणारा चाकर, आणि दोन कहार, म्हणजे भोई, समोर आले. नीलगाय बुजून पळाली. बादशहानें संतापून जिलोदारास जागच्या जागीं ठार मारण्याचा व भोयांच्या पायांच्या शिरा तोडून त्यांस गाढवांवर बसवून छावणींत फिरविण्याचा हुकूम केला. पुढें पुनः कोणी अशी हिंमत करूं नये हा हेतु त्यानेंच सांगितला आहे. एवढें झाल्यावर तो घोड्यावर बसून पुढील शिकारीस लागला.

या चार ओळी कबुली नव्हेत. हा जाहीरनामा आहे. ज्या ग्रंथाच्या प्रती लेखक स्वतः करवून देतो, त्यांत लाजेची म्हणून कोणी गोष्ट ठेवीत नाहीं. खेद आहे तो नीलगाईचा, आणि तो तिघां गरिबांच्या अंगावर वसूल झाला आहे. त्यांचीं नांवें त्यानें लिहिलीं नाहींत. आवडत्या मन्सराज हरिणाचें नांव मात्र त्यानें लिहिलें. त्या हरिणाच्या थडग्यावर शिलालेख बसविला, त्या रानांत हरणांची शिकार मना केली, आणि त्या जागीं उभारलेला हिरन मिनार आज पाकिस्तानांत शेखूपुरा येथें पाहावयास मिळतो. माणसाळलेल्या हरिणास मनोरा आणि आडव्या आलेल्या चाकरास मृत्यु, हीं दोन्ही एकाच लेखणीनें, एकाच स्वच्छ फारशींत, तितक्याच निर्विकारपणें लिहिलेलीं आहेत. परीक्षकानें जें लिहिलें तें खरें मानावें; पण लिहिणाऱ्यास तें कसें वाटलें याबद्दल आपल्या पदरची भर घालूं नये.

याच कसोटीनें ग्रंथांतील राजकीय पानांकडे पाहिलें असतां एक विरोध दिसतो, आणि तो आम्हां महाराष्ट्रीयांस विशेष जवळचा आहे. जहांगीराच्या हातून निसटलेली सर्वांत मोठी शिकार रानांतली नव्हती; ती म्हणजे निजामशाहीचा मलिकंबर. खडकीस ठाणें करून त्यानें मोगली फौजांस वर्षानुवर्षें दमविलें. १६२४ त भातवडीस मोगल व विजापूरकर यांच्या जोडफौजेचा मोड केला. आणि १६२६ त तो वार्धक्यानें मरण पावला. बादशहाच्या तो कधींही हातीं लागला नाहीं. त्याच्याविषयीं ग्रंथांत काय आहे? त्याच्या रंगावरून व कुळावरून शिव्या. आणि सुमारें १६१६ त अबुल हसन या दरबारी चित्रकारानें काढलेलें एक चित्र, हल्लीं डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहांत असलेलें, यांत बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यास खोंचलेल्या मलिकंबराच्या मुंडक्यावर बाण सोडीत आहे. जें समरांगणांत साधलें नाहीं तें कागदावर साधून घेतलें. नीलगाईपुढें आपला नेम चुकला हें सांगावयास जो कचरत नाहीं, तोच पुरुष मलिकंबरापुढें तसें सांगूं शकत नाहीं. जनावराशीं हरणें अपमानाचें नसतें. गुलामगिरींतून वर आलेल्या माणसाशीं हरणें असतें. म्हणून या ग्रंथाची शिकारीचीं पानें दक्षिणेच्या पानांहून अधिक विश्वसनीय आहेत, असें आमचें मत झालें आहे; आणि दक्षिणेचा इतिहास त्यावरून लिहिणाऱ्यांनीं हें प्रमाण डोळ्यांपुढें ठेवावें.

शेवटची हकीकत राहिली. पन्नाशी आली कीं बंदूक सोडीन असें जहांगीर बोलला होता. नातू शुजा याच्या आजारांत, १६१८ सालीं, आपल्या हातें कोणत्याही जिवास इजा न करण्याचा नियम त्यानें धरला, आणि पुढें शहाजहान बिथरला तेव्हां त्या संतापांत तो मोडला. १६२७ सालीं काश्मीराहून परततांना बैरामकल्ला येथें त्यानें पुनः शिकार मांडली. डोंगरावरून हरणें हांकून आणावयाचीं व बादशहानें खालून गोळी घालावयाची, अशी तेथील रीत. एक हरिण कड्याच्या अडचणीच्या जागीं जाऊन थांबलें व नीट दिसेना. त्यास हुसकावण्यासाठीं एक प्यादा पुढें सरसावला, त्याचा पाय घसरला, आणि तो दरींत पडून मेला. बादशहास मोठा धक्का बसला. त्यानें त्या प्याद्याच्या आईस बोलावून द्रव्य दिलें, तरी मनास स्वस्थता येईना. आणि थोड्याच दिवसांत त्याचा अंत झाला.

सतरा वर्षांपूर्वीं एक जनावर निसटलें म्हणून ज्यानें एका चाकरास मारविलें, त्याच्याच डोळ्यांसमोर दुसरा एक चाकर जनावर मिळवून देण्यासाठीं मेला. या दोन प्रसंगांची सांगड घालून जहांगीराच्या हृदयपालटाचें सुंदर प्रकरण रचण्याचा मोह कोणासही होईल. तो आवरला पाहिजे. ही हकीकत बादशहाच्या हातची नव्हे. ती मुतमदखानाच्या परंपरेंतून महंमद हादीच्या जोडभागांत आलेली आहे, आणि तींत काळानेंच त्या प्याद्याचें रूप घेतलें असा अपशकुनाचा रंग चढला आहे. धन्याच्या मृत्यूनंतर लिहिणाऱ्या दरबारी लेखकास असा शकुन सहज सांपडतो. प्याद्याचा अपघात व आईस दिलेलें द्रव्य हें आम्ही ग्राह्य धरतों. बादशहाच्या मनाची अवस्था लेखकाची म्हणून बाजूस ठेवतों. एवढें मात्र खरें कीं, शिकारींत मेलेल्या चाकराचा शोक करणारें माणूस या वृत्तांतांत प्रथमच दिसतें तें या पानावर, आणि ती त्याची आई आहे. जिलोदाराची आई कोणी पाहिली नाहीं.

संग्राहकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, जहांगीरनाम्याची अथवा तसल्या कोणत्याही राजलिखित वृत्तांताची पोथी हातीं आली असतां मोहिमांचीं पानें वाचून ती मिटूं नये. शिकारीचीं पानें उघडावीं, आणि तेथें गोळी चुकल्याची हकीकत आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें. जेथें राजाचा प्रत्येक बाण लागतो, तेथें लिहिणारा राजा नसून दुसरा कोणी तरी आहे असा संशय धरण्यास जागा आहे. आणि जेथें बाण चुकतो, तेथें पळालेल्या हरिणाबरोबर आणखी कोण कोण त्या ओळींत आलें आहे, तेंही मोजावें. कारण ती मोजदाद त्या काळच्या दप्तरदारानें केलेली नाहीं.