देव पाण्यात!

परवा पुण्याहून भाचा आमच्याकडे तुमसरला आला. बॅगेत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा. चहा संपायच्या आत ओसरीवर पुस्तक उघडून म्हणाला, “मामा, आज इंद्राला मारायचंय!”

आता वेळ काय, बोलतो काय! निम्मा जुलै कोरडा गेलेला. पऱ्हे पिवळे पडत चाललेले, बांध्यांत पाणी नाही, रोवणी अडलेली. धानाच्या बाजारावर जगणाऱ्या गावात अशा दिवसांत इंद्राचं नाव जरा जपूनच घ्यावं लागतं. ओसरीवर टेकलेले शेजारचे पाटील ताडकन उठले. “काहून मारून रायला गा त्या इंद्राले? पयले रोवणी त होऊ दे!”

भाच्यानं समजूत घातली. हा खेळ आहे, डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत निघाला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि वार लागला की हुकला ते फासा ठरवतो. हातातलं पुस्तक १९८० सालचं, ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’. त्यात ग्रीकांच्या झ्यूसबरोबर आपले इंद्र, अग्नी, वरुण, यमही आहेत. प्रत्येकापुढे हिट पॉइंट, म्हणजे किती मार खाऊन प्राण जाईल त्याचा आकडा. झ्यूसचे ४००. तेवढे संपले की झ्यूस आटोपला!

पुस्तक मी मन लावून चाळलं. देव मारायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती हिशोबाला. पोत्यातलं धान मोजावं तसा देव मोजून कसा चालेल? आपल्याकडे देवाला ताकदीनं कुणी मारल्याचं आठवतं का? भस्मासुरानं शंकराला पळता भुई थोडी केली, पण ती शंकरानंच दिलेल्या वराच्या जोरावर. श्रीकृष्णाला बाण लागला जरा नावाच्या व्याधाचा. त्या बिचाऱ्यानं तर हरीण समजून मारला होता, आणि देवानं उलट त्याचंच सांत्वन केलं. नेम धरून, फासा टाकून देव मारलेला माणूस आपल्या गोष्टींत मला तरी सापडला नाही.

का नाही? उत्तर आमच्या देवघरात होतं. आईनं चार दिवसांपासून बाळकृष्ण पाण्याच्या गडूत बुडवून ठेवला होता. पाऊस पडेपर्यंत बाहेर काढायचा नाही! भाचा हरखला. “आजी, याचे किती पॉइंट उरले?”

“मेल्या, मारायचं नाहीये त्याला,” आई म्हणाली. “काम आहे त्याच्याकडे.”

एवढ्या जाड ग्रंथावर याहून नेमकी टीका मला साधली नसती. त्या खेळातल्या वीरांचं देवाकडे काही कामच अडलेलं नसतं, म्हणून ते त्याला मारू शकतात. आपलं सदाच अडलेलं. म्हणून आपण देवाला कोंडतो, बुडवतो, शिव्या देतो, विटेवर उभा करून ठेवतो. पण जिवानिशी सोडतो. मेलेला इंद्र रोवणीच्या काय कामाचा?

भाच्यानं त्या रात्री इंद्राला मारलंच. पाऊस तरीही तिसऱ्या दिवशी आला. पाटील पोतं डोक्यावर घेऊन बांधीकडे धावले. आईनं बाळकृष्णाला गडूतून काढलं, पदरानं पुसलं, समोर साखर ठेवली आणि कुणी ऐकत नाही असं पाहून हळूच विचारलं, “सर्दी नाही ना रे झाली?”