अथेन्सचे ऋणमोचन आणि डहाणूचे लग्नगडी

अभिजात ग्रीसच्या उत्कर्षाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात पेरिक्लीझची राजवट, पार्थेनॉनचे शिल्प आणि सोफोक्लीझची नाटके ही त्रयी ठरलेली असते. त्यानंतर, ही सारी संस्कृती गुलामांच्या श्रमावर उभी होती, अशी एका वाक्याची कबुली दिली जाते आणि प्रकरण मिटते. ही कबुली खोटी नव्हे. पण ती फार ढोबळ आहे. गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हा ग्रंथ ग्रीक इतिहासाशेजारी ठेवून वाचला असता हा ढोबळपणा नेमका कोठे आहे ते ध्यानात येते.

डहाणू, तलासरी व उंबरगाव या परिसरातील वारल्यांचे १९४५ पासूनचे आंदोलन हा या ग्रंथाचा विषय. त्यात ‘लग्नगडी’ भेटतो. लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून थोडी रक्कम उचलावयाची आणि तिच्या फेडीसाठी नवराबायकोने त्याच्याकडे राबावयाचे, तेही बहुधा जन्मभर, अशी ही रीत होती. या माणसाला सरसकट गुलाम म्हणण्याचा मोह होतो. परंतु ॲरिस्टॉटल ज्याला सजीव साधन समजतो तो दास बहुधा परदेशी, बाजारात विकत घेतलेला असे. लॉरियॉनच्या चांदीच्या खाणींत खपणाऱ्याचे गाव व कूळ दोन्ही सुटलेले असत. लग्नगडी मात्र आपल्याच मुलखात, आपल्याच माणसांत राहून बांधलेला. त्याचे भाऊबंद शोधावयाचे तर पेरिक्लीझच्याही सुमारे दीडशे वर्षे मागे जावे लागते.

त्या काळी ॲटिकातील गरीब शेतकरी स्वतःचा देह तारण ठेवून कर्ज काढीत. कर्ज थकले की ऋणको धनकोचा होई. काहींची परमुलखात विक्रीही झाली. इ. स. पू. ५९४ मध्ये आर्कोनपदी आलेल्या सोलॉनने ही कर्जे रद्द केली आणि देहतारणास बंदी घातली. ‘ओझे झटकणे’ असे त्या कृत्याचे ग्रीक नाव आहे. माझ्या मते अथेन्सच्या उत्कर्षाचा आरंभ येथे मानावयास हवा, पार्थेनॉनपाशी नव्हे. ज्याचा देहच गहाण आहे तो सभेत हात वर करील कसा? मात्र याची दुसरी बाजूही आहे. ग्रीकांत स्वातंत्र्य आणि दास्य यांची वाढ बरोबरीने झाली, असे मोझेस फिनली यांनी १९५९ मध्ये प्रतिपादन केले. स्वकीय ऋणमुक्त झाले आणि विकतच्या परकीयांची संख्या वाढली.

साम्य येथवरच. सोलॉनचे ऋणमोचन वरून आले. तो उभयपक्षी मध्यस्थ होता आणि जमिनीच्या फेरवाटणीस त्याने नकार दिला. तलासरीजवळ झरी येथे मे १९४५ मध्ये भरलेल्या सभेत वेठ व लग्नगडी या प्रथा मोडण्याचा निर्धार झाला, तो वारल्यांनीच केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. वेठबिगारीस बंदी करणारी राज्यघटना १९५० ची, आणि वेठबिगार निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा तर १९७६ चा.

आता ग्रंथाविषयी. परुळेकर बाहेरून आलेल्या सुशिक्षित कार्यकर्त्या होत्या आणि निवेदनाची सूत्रे अखेरपर्यंत त्यांच्याच हाती राहतात. जेथे संघटनेचा हिशेब पुढे येतो तेथे वारली मागे सरतो. हा दोष मान्य करावयास हवा. १९७२ च्या साहित्य अकादमी पुरस्कारामुळे तो झाकला जात नाही. परंतु सोलॉनच्या बाबतीत आपली स्थिती याहून कठीण आहे. शेतांतून उपटलेल्या गहाणाच्या दगडांविषयी आपल्याला सोलॉनच्याच कवितेतून कळते. ते दगड ज्यांच्या शेतांत रोवलेले होते, त्यांच्यापैकी एकाचेही नाव उरलेले नाही. तलवाड्यास पडलेल्या जेठ्या गांगडचे नाव उरले आहे.