‘परिपूर्ती’ आणि हजेरीपट

इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. १९४९ साली त्याच नावाच्या संग्रहात तो आला आणि तेव्हापासून पाठ्यपुस्तकांतून, भाषणांतून आणि मातृगौरवाच्या प्रत्येक प्रसंगी त्याची आठवण काढली जाते. सभेत वक्त्या म्हणून गेलेल्या बाईंची ओळख नात्यांनी करून दिली जाते. त्या कोणाची कन्या, कोणाची सून, कोणाची पत्नी, हे सारे सांगून होते. तरी त्या परिचयात काहीतरी राहून गेले असे त्यांना वाटत राहते. पुढे रस्त्याने जाताना काही मुलांचे बोलणे कानी पडते, आणि त्यांतला एक मुलगा त्यांना वर्गातल्या एका मुलाची आई म्हणून ओळखतो. अपुरी ओळख तेथे पुरी होते.

या लेखाचा सामान्यतः लावला जाणारा अर्थ असा, की एवढी मोठी विदुषी, परंतु तिलाही अखेर कृतार्थता लाभली ती आईपणात. आम्हांस हा अर्थ मान्य नाही. लेखाचा सूर पाहावा. तो प्रारंभापासून मिस्किल आहे. स्वतःकडे थोडे दुरून, थोडे हसून पाहणारी ही लेखिका मानवशास्त्रज्ञ होती, आणि नातेसंबंधांची व्यवस्था हा तिच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. भारतातील आप्तसंबंधांवरचा तिचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. माणसाला समाज नात्यांतून ओळखतो हे जिला व्यवसायाने ठाऊक, तिने आपल्याच परिचयाचे निरीक्षण करावे आणि त्यात एक नाते गाळलेले सापडावे, यातली गंमत ज्याला कळली नाही त्याने लेखातील भावना तेवढी उचलली आणि बुद्धी तेथेच ठेवली. शिवाय ते शेवटचे नाते प्रतिष्ठित वक्त्याने सांगितलेले नाही, एका पोराने सांगितले आहे. त्याला महर्षींशी कर्तव्य नाही, प्राचार्यांशी नाही. त्याच्या जगात कर्वे म्हणजे बाकावरचा सोबती. मोठ्यांच्या प्रतिष्ठेची सारी उतरंड त्या एका वाक्याने उलटी होते. लेखाचे खरे मर्म आम्हांस येथे दिसते.

हे सारे मान्य करूनही या लेखाविषयी आमची एक तक्रार उरते, आणि ती आम्ही कारकुनाच्या नजरेने करीत आहो. कारकून माणसाला वेळेत मोजतो. इरावतीबाई १९३१ ते १९३६ या काळात महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या, १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापक होत्या. सांकलियांबरोबर गुजरातेतील लांघणज येथील उत्खननात प्राचीन मानवी सांगाड्यांचा शोध घेण्यापर्यंत त्यांच्या कामाची व्याप्ती होती. गावोगाव हिंडून माणसांची मोजमापे घेणारी ही बाई तीन मुलांची आई होती. तेव्हा साहजिकच मनात येते, की ती दौऱ्यावर असताना शाळेतून आलेल्या ‘कर्व्या’ला दार कोण उघडत होते? ‘परिपूर्ती’त आईपण ही एक जाणीव आहे, एक ओळख आहे. ते तास आहे, पाळी आहे, डबा आहे, हे त्या लेखाच्या कक्षेत येत नाही. लघुनिबंधाकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. परंतु एका लघुनिबंधावर पाऊणशे वर्षे एवढे ओझे टाकले गेले असेल, तर त्याला ते पेलते की नाही हे पाहावेच लागते.

आम्ही ज्या गोरखपुरात राहतो तो जबलपूरचा एक गजबजलेला भाग. येथून सकाळी नऊच्या सुमारास जी माणसे घाईने बाहेर पडतात, त्यांत संरक्षण कारखान्यांत, रेल्वेत, लेखा कार्यालयांत जाणाऱ्या स्त्रिया आता थोड्या नाहीत, आणि त्यांत मराठी घरांतल्याही आहेत. पुण्या-नागपुरातल्या त्यांच्या बहिणींपेक्षा त्यांची अडचण एका अर्थाने अधिक. सासूबाई तिकडे, आई तिकडे. येथे शेजारची ‘आंटी’ किंवा ‘झूलाघर’. पाळणाघराला हा हिंदी शब्द आमच्या मुलांच्या तोंडी इतका बसला आहे, की मराठी शब्द सांगितला तर ती हसतात. बदलीची नोकरी असली की हे सर्व दर चार वर्षांनी नव्याने जुळवावयाचे. मुलाला ताप आला असता रजेचा अर्ज कोणी लिहावयाचा, हे बहुतेक घरांत विचारावेही लागत नाही. या स्त्रीला मराठी साहित्यात शोधावयास निघालो तर काय हाती लागते?

विभावरी शिरूरकरांपासून आरंभ करणे योग्य. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली टोपणनावाने प्रसिद्ध झाले आणि मोठे वादळ झाले. शिकलेली, मिळवती, अविवाहित मुलगी तीत आहे; तिच्या मिळकतीची घराला सवय होते आणि तिच्या लग्नाची निकड घराला वाटेनाशी होते, हे निर्दय सत्य मालतीबाईंनी त्या काळी लिहिले. पगाराने स्त्री स्वतंत्र होते या भोळ्या समजुतीला मराठीत दिलेला हा पहिला मोठा छेद, असे आम्ही मानतो. पगार कोणाच्या हाती जातो, हे पाहण्याची दृष्टी या लेखिकेपाशी होती. परंतु तिची नायिका बहुधा आई होण्याच्या अलीकडच्या तीरावर उभी असते. ‘हिंदोळ्यावर’मध्ये (१९३४) नायिकेला मूल हवे आहे, विवाहाची चौकट मोडूनही हवे आहे, तेथे प्रश्न मातृत्वाच्या अधिकाराचा आहे, सोमवार ते शनिवार या दिवसांचा नाही.

त्यानंतरचे आणि सर्वांना परिचित असे नाव म्हणजे ‘उंबरठा’. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी १९८२ साली चित्रपट केला आणि स्मिता पाटील यांनी सुलभा महाजन अविस्मरणीय केली. सुखवस्तू घरची सून नवऱ्याला आणि लहान मुलीला घरी ठेवून दूरच्या स्त्रियांच्या आश्रमाची अधीक्षिका होते. परत येते तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते. मुलगी जाऊबाईंच्या मायेत वाढलेली असते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. हा चित्रपट आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी तो आम्हांस श्रेष्ठ वाटला आहे. तरीही त्याच्या मांडणीत एक गोष्ट आम्हांस खुपते. सुलभेने घर सोडावे म्हणून तिच्या नोकरीला ध्येयाची उंची द्यावी लागली आहे. आश्रमातल्या अन्यायाविरुद्ध ती झगडते, म्हणून प्रेक्षक तिला क्षमा करतो. निदान करावी की काय असा विचार तरी करतो. हीच सुलभा जर आवक-जावक विभागात नोंदवह्या लिहिणारी कनिष्ठ लिपिक असती, पगाराशिवाय दुसरे कोणतेही कारण तिच्यापाशी नसते, तर तिच्यासाठी आमच्या डोळ्यांत पाणी आले असते काय? आम्हांस शंका आहे. काम थोर असेल तरच आईने बाहेर जावे, अशी एक अट आपल्या साहित्याने न बोलता घातलेली आहे. पुरुषाला ती कधी घातली नाही. मराठी कथेतील कारकून बापाने घराबाहेर आठ तास काय केले, त्याचा समाजाला कितपत उपयोग झाला, याचा जाब त्याला कोणी विचारीत नाही. महागाईभत्ता एवढे कारण त्याला पुरते.

ज्यात ही अट नाही अशी कलाकृती आम्हांस मराठीबाहेर सापडली. नरेंद्रनाथ मित्र यांच्या कथेवरून सत्यजित राय यांनी केलेला ‘महानगर’ १९६३ सालचा. आरती नोकरी धरते ती नवऱ्याच्या बँकेतील पगारात घर भागत नाही म्हणून. काम काय, तर घरोघरी जाऊन विणकामाची यंत्रे विकावयाची. त्यात थोर असे काही नाही. सासरे बोलणे टाकतात, मूल रुसते, पहिल्या पगारातून ती सर्वांसाठी वस्तू आणते. आणि हळूहळू तिला आपण या कामात वाकबगार आहो असा शोध लागतो. या शोधाचा आनंद रायांनी लपविलेला नाही. त्या आनंदाला ध्येयाचे पांघरूण नाही आणि त्याची शिक्षाही नाही. सहकारी मुलीच्या अपमानासाठी आरती पुढे नोकरीचा राजीनामा देते, तेव्हा नवऱ्याची नोकरी गेलेली असते. त्या राजीनाम्याची किंमत आपल्याला कळते ती आधी पगाराची किंमत दाखविली आहे म्हणून.

अलीकडचा ‘नाच गं घुमा’ (२०२४) हा चित्रपट हलकाफुलका आहे, गोंगाटही पुष्कळ आहे, पण परेश मोकाशी यांनी त्यात एक गोष्ट नेमकी पकडली आहे. नोकरी करणाऱ्या राणीचा सारा डोलारा घरकाम करणाऱ्या आशाच्या वेळेवर येण्यावर उभा आहे. एक नोकरदार स्त्री दुसऱ्या नोकरदार स्त्रीच्या आधारावर कामाला जाते, आणि या दुसरीला रजेचा नियम नाही. मंगळागौरीच्या खेळातले शीर्षक विनोदासाठी घेतलेले असले तरी ते चपखल बसले आहे. मात्र या दोघींच्या ओढाताणीत घरातला पुरुष जवळजवळ पाहुणा राहतो, आणि विनोदाच्या भरात हे कोणाला जाणवत नाही.

गंमत अशी, की जे साहित्याने मोजले नाही ते सरकारी नियमांनी मोजले. परराष्ट्र सेवेतील स्त्रीने विवाहापूर्वी लेखी परवानगी घ्यावी, आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या कामाच्या आड येतात असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यावयास लावता यावे, असा नियम या देशात होता, सी. बी. मुथम्मा यांच्या दाव्यात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ साली केंद्राच्या स्त्री कर्मचाऱ्यांची प्रसूती रजा १३५ दिवसांवरून १८० दिवस झाली आणि संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली. पुढे सातव्या आयोगानंतर तिच्या दुसऱ्या वर्षाचे वेतन ऐंशी टक्के ठरले. बापाला पितृत्व रजा पंधरा दिवस. एकट्या पुरुष पालकालाही बालसंगोपन रजा मिळू लागली ती २०१८ अखेरच्या आदेशाने. हे आकडे आम्हांस रोजच्या कामातून पाठ आहेत, आणि ‘परिपूर्ती’ पुन्हा वाचताना ते डोळ्यांपुढून हलत नाहीत. रजेचा नियम मोठा उदार आहे. पण मूल आईचे, हे गृहीत धरूनच तो उदार आहे. रस्त्यावरच्या त्या मुलानेही ‘कर्व्याची आई’च ओळखली. बाप त्या रस्त्याने गेला असता तर तो प्राचार्य म्हणूनच ओळखला गेला असता, असे आम्हांस वाटते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाकाठी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७, असे निघाले. आमच्या एका परिचित कार्यालयात बालसंगोपन रजेवर गेलेल्या बाईंविषयी ‘मजा आहे’ असे म्हणणारी मंडळी याच ९७ मिनिटांतली.

इरावतीबाईंच्या कन्या गौरी देशपांडे यांनी या हिशेबाची दुसरी बाजू लिहिली. ‘एकेक पान गळावया’ (१९८०) पासूनची त्यांची नायिका घर, मूल, प्रेम यांपैकी काहीच नाकारीत नाही. ती मागते तो स्वतःचा वेळ, स्वतःचा एकांत. आई आणि मुलगी यांची ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. आईला आपले नाव नात्यांत पुरे झालेले दिसते. मुलीला त्याच नात्यांतून उरलेली शिल्लक हवी असते. टीकाकारांनी गौरीबाईंना बंडखोर म्हटले आणि इरावतीबाईंना वत्सल. दोन्ही विशेषणे आम्हांस आळशी वाटतात. अशा दोघी एकाच घरात वाढतात, याचा अर्थ त्या घरातल्या आईने लेखात जेवढे सांगितले त्याहून पुष्कळ अधिक जगून दाखविले असले पाहिजे.

जबलपुरात राहून सुभद्राकुमारी चौहान यांचे नाव न घेणे अशक्य. येथल्या महानगरपालिकेच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. झाशीच्या राणीवरील त्यांच्या कवितेमुळे त्या सर्वांना ठाऊक. पण पाच मुलांची ही आई १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात आणि पुन्हा १९४२ मध्ये तुरुंगात गेली, पुढे मध्यप्रांताच्या विधानसभेची सदस्य झाली. १९४८ च्या फेब्रुवारीत नागपूरहून कामे आटोपून जबलपूरला परतताना शिवनीजवळ मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. ज्या रस्त्याने आम्ही सुटीत नागपूरकडे जातो तोच तो रस्ता. त्यांच्या कन्या सुधा चौहान यांनी ‘मिला तेज से तेज’ या नावाने आईवडिलांचे चरित्र लिहिले आहे. आईचे काम आणि आईचे घर यांची नोंद तेथे मुलीच्या हातची आहे. ‘परिपूर्ती’तला तो मुलगा ज्याचा सोबती होता, त्या ‘कर्व्या’ची बाजू मात्र त्या लेखात नाही. घरोघरी अशी मुले आता पन्नाशी-साठीची झालेली आहेत, त्यांतली कित्येक निवृत्तही होत आहेत, आणि आई कामावरून परतेपर्यंतचे दुपारचे तीन तास त्यांनी कसे काढले हे त्यांच्याशिवाय दुसरा कोणी लिहू शकणार नाही.