संदिग्ध ध्वनी आणि अन्वयाचे स्वातंत्र्य

अर्थ संहितेत नसतो, तो वाचकच घडवितो, या वाचककेंद्री भूमिकेच्या समर्थनार्थ श्राव्य संदिग्धतेचा दाखला सहज देता येण्यासारखा आहे. एका इंग्रजी शब्दसंग्रहविषयक संकेतस्थळासाठी २००७ साली ध्वनिमुद्रित झालेला ‘लॉरेल’ हा शब्द मे २०१८मध्ये जगभर वादाचा विषय झाला. तोच ध्वनी काहींना ‘लॉरेल’, तर काहींना ‘यॅनी’ असा ऐकू येत होता, आणि दुसऱ्या पक्षाचे ऐकणे प्रत्येकाला अविश्वसनीय वाटत होते.

मात्र या भेदाची कारणे पाहिली की हा दाखला उलट दिशेने बोलू लागतो. त्या ध्वनिमुद्रणात खालच्या कंप्रतांवर भर पडला तर ‘लॉरेल’, आणि वरच्या कंप्रतांवर पडला तर ‘यॅनी’ ऐकू येण्याची शक्यता वाढते. ध्वनिक्षेपक कोणता, वयपरत्वे उच्च कंप्रता ऐकण्याची क्षमता किती उरली आहे, यावर हा भर अवलंबून असतो. शिवाय दोन्ही पर्याय श्रोत्यापुढे आधीच लिहून ठेवलेले होते. प्रश्नानेच उत्तरांचे क्षेत्र आखले होते. भाषेचा संस्कारही असाच कार्य करतो. ‘काल’ आणि ‘काळ’ यांतील भेद मराठी कानाला अनायास जाणवतो. ज्याच्या भाषेत ‘ळ’ नाही त्याला तो बहुधा निसटता वाटतो. तेव्हा श्रवणभेद हा स्वैर नसतो. द्रव्य, इंद्रिय आणि अपेक्षा या तिहींनी तो बांधलेला असतो.

भारतीय परंपरेने हे बंधन फार पूर्वी ओळखले होते. अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या साहचर्य, विरोध, प्रकरण इत्यादी घटकांची गणना भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त केली आहे. त्याचबरोबर एकच वर्णावली दोन तऱ्हांनी तोडून दोन अर्थ देणाऱ्या सभंग श्लेषाला काव्यशास्त्राने अलंकाराचे स्थान दिले.

येथेच महत्त्वाचा भेद ध्यानी घ्यावयास हवा. ‘लॉरेल’ ऐकणाऱ्याला त्या क्षणी ‘यॅनी’ ऐकू येत नाही. निवड जाणिवेच्या आधीच होऊन गेलेली असते, आणि श्रोत्याला आपण निवड केली हेही ठाऊक नसते. श्लेषात मात्र रसिक दोन्ही अर्थ एकत्र धारण करतो, त्यांतील ताण अनुभवतो. पहिल्या ठिकाणी संदिग्धता लोपते, दुसऱ्या ठिकाणी ती सार्थ होते.

म्हणून श्राव्य संदिग्धतेवरून वाचकाचे निरंकुश स्वातंत्र्य सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते त्याचे नकळत बांधलेले असणे. ‘मला असेच जाणवले’ हे विधान प्रामाणिक असू शकते, परंतु ते अन्वयार्थाचे प्रमाण ठरत नाही. आपल्या पहिल्या जाणिवेमागची न कळलेली निवड उघड करणे आणि नाकारला गेलेला पर्याय पुन्हा ऐकून पाहणे, येथून समीक्षेचे काम सुरू होते.