घरी शिवलेली पिशवी

आपल्या मंडळाच्या उन्हाळी सहलीत कॉर्नहोल, म्हणजे तिरक्या फळीतल्या भोकात मक्याच्या पिशव्या फेकायचा खेळ, कसा शिरला, हे सभासदांना नव्याने सांगायला नको. तळघरातल्या त्या बैठका, फळ्या कुणाच्या गॅरेजमध्ये ठेवायच्या यावरून झालेली कुरबुर, ‘लगोरी असताना हे कशाला?’ हा ज्येष्ठांचा सवाल, सगळं सर्वांना पाठ आहे. सिनसिनाटीच्या पंचक्रोशीत राहून हा खेळ टाळणं तसंही शक्य नव्हतं. इथे अंगणोअंगणी तो चालतो. मला लिहायचं आहे ते पिशव्यांबद्दल. फळी कुणीही विकत आणील, पण पिशव्या आपण आजवर घरी शिवल्या. अधिवेशनात नाटकाला आणि गाण्याला मंच मिळतो, शिलाईला मिळत नाही. म्हणून तिचं कौतुक निदान या स्मरणिकेत तरी व्हावं.

माझं माहेर छत्रपती संभाजीनगरच्या छावणीचं. खाम नदीपलीकडच्या त्या मोकळ्या मैदानांवर लगोरी चिंध्यांच्या चेंडूने खेळली जायची. चिंध्या गच्च गुंडाळायच्या, वरून जुन्या धोतराचा तुकडा ताणून बसवायचा आणि आडवे-उभे टाके घालायचे. चेंडू सैल शिवला की नेम चुकलाच. छावणीच्या आठवडी बाजारात आई धान्य घ्यायची तेव्हा दाणा दाताखाली फोडून पाहायची. कट्ट वाजला तर माल वाळलेला. इथे पिशवीत भरायचा मका पारखताना मी अजूनही तेच करते. ज्यांच्या गावाकडे, सिल्लोड-कन्नडच्या बाजूला, मक्याची शेतं आहेत, त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पिशवी शिवून झाल्यावर सहा इंच लांब, सहा इंच रुंद भरावी लागते. म्हणून कापड सात इंचांचं कापायचं आणि चहूबाजूंनी अर्धा इंच शिलाईत धरायचा. कापड जाड, घट्ट विणीचं कॅनव्हास हवं. मांजरपाट दिसायला छान, पण फळीवर घासून लवकर विरतो. टीप दुहेरी मारायची, कोपऱ्यात तिसरी. आत सोळा औंस, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, वाळलेला मका. वजन प्रत्येक पिशवीचं सारखंच हवं, नाहीतर हाताचा अंदाज दर फेकीला बदलतो. आणि पिशवी तट्ट फुगवायची नाही. भरल्यावर तळहातावर ठेवली तर ती थोडी पसरली पाहिजे. फुगलेली पिशवी फळीवर टेकते ती उसळण्यासाठीच.

आपल्या शिलाईच्या मावशींनी हे सगळं किती निगुतीने केलं आहे! दिवसभर नोकरी, संध्याकाळी मुलांचे क्लास, आणि रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिशव्या तोलणं. दोन दाणे जास्त झाले तरी त्या शिवण उसवत. असा सेवाभाव अख्ख्या उत्तर अमेरिकेत दुसरीकडे सापडणार नाही, असं मी छातीठोकपणे म्हणते. फळ्यांचं काम पाहणाऱ्या काकांचंही तेच. फळीचा पृष्ठभाग ते इतका गुळगुळीत घासतात की त्यावर हात फिरवत बसावं.

आता मुलांचं म्हणणं ऐकू. त्यांना बाजारातल्या पिशव्या हव्यात: आत प्लॅस्टिकचे दाणे, एक बाजू खरखरीत, थांबणारी, दुसरी गुळगुळीत, सरकणारी. त्यांचं चूक नाही. मका ओला झाला की फुगतो, बुरशी धरतो, तळघरात उंदीर बोलावतो आणि कापडातून त्याची भुकटी झडत राहते. स्पर्धेसाठी अशा रेझिनच्या पिशव्या घ्यायच्या, ही तडजोड मी मान्य केली. पण गेल्या शिलाईच्या दिवशी पंचविशीच्या आतलं एकही माणूस आलं नाही, ते मला मान्य नाही. विकत घ्यायला पैसे पुरतात. टीप मारायला शेजारी बसून शिकावं लागतं, आणि शिकवणारे हात थकत चालले आहेत.

मागच्या सहलीतला अंतिम सामना आठवा. पाऊस भुरभुरून गेलेला, फळ्या दमट. समोर कॉलेजातला एक मुलगा, इकडे नातवंडांना भेटायला आलेल्या आजी, पदर खोचून उभ्या. त्यांची लगोरीची आठवण जुनी, कॉर्नहोल मात्र त्याच उन्हाळ्यात हाती आलेला. एकवीसला जिंकायचं; गुण त्याचे वीस, आजींचे एकोणीस. शेवटच्या फेरीत त्याची एक पिशवी भोकाच्या अगदी तोंडाशी बसली होती, बाकी दोघांच्या सगळ्या गवतात. आजींची एकच फेक उरली. ती चुकती तर फळीवरच्या पिशवीच्या एका गुणावर तो जिंकता. फळीवरून सरकवायला वाट नव्हती. सत्तावीस फुटांवरून आजींनी अंगठा वर, बोटं खाली अशी पिशवी धरली, हात एकदा मागे नेला आणि सोडली. पिशवी थाळीसारखी सपाट फिरत त्या अडथळ्यावरून गेली आणि कडेला न शिवता भोकात पडली. भोकातल्या पिशवीचे तीन, त्यातून त्याच्या फळीवरच्या पिशवीचा एक वजा, दोन शिल्लक: एकवीस! त्या पोराने सगळ्यांच्या आधी धावत जाऊन आजींना वाकून नमस्कार केला. पिशवी मक्याची होती, आपलीच, मावशींनी शिवलेली.

यंदाच्या शिलाईच्या दिवशी प्रत्येक घराने एका तरी मुलाला सोबत आणावं. कॅनव्हास आणि काटा मंडळाकडे आहे. मका वाळलेला आणा, लाह्यांचा नको, आणि आणण्याआधी एक दाणा दाताखाली फोडून पाहा.