फाब्रच्या वाक्यातला ‘च’

जुना शोधनिबंध वाचताना एक सवय लावून घ्या. लेखकाने पाहिलेलं कुठे संपतं आणि त्याचा निष्कर्ष कुठे सुरू होतो, तिथे पेन्सिलने रेघ मारा. जाँ-आँरी फाब्र वाचताना मला या रेघेचं महत्त्व कळलं.

अमोफिला ही एकटी राहणारी गांधीलमाशी. मादी झाडपाला खाणाऱ्या, रोपं कुरतडणाऱ्या अळ्या पकडते. डंख मारून अळी लुळी करते, जमिनीतल्या बिळात नेते, तिच्या अंगावर अंडं घालते आणि बीळ बुजवते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती शिदोरी खातं, कोश विणतं आणि पुढे माशी होऊन बाहेर पडतं.

1879 पासून निघालेल्या आपल्या ग्रंथमालेत फाब्रने यातला डंख असा काही रंगवलाय की वाचतच राहावं. प्रत्येक वळ्याखालच्या मज्जातंतूंच्या गाठीवर, शस्त्रक्रियेसारखा नेमका डंख! इथवर निरीक्षण. पुढे तो म्हणतो: डंख अचूकच हवा. चुकला तर अळी मरून सडेल, किंवा तिच्या वळवळीत अंडं चिरडेल. म्हणून ही कला हळूहळू घडलेली असूच शकत नाही. म्हणजे थेट डार्विनला आव्हान.

रेघ इथेच मारायची. मेलेल्या अळीवर पिल्लू वाढत नाही, हे तपासलं कुणी?

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्याने तपासलं. त्यांचं पुस्तक 1898 चं. त्यांना डंखांची संख्या आणि जागा बदलताना दिसली. काही अळ्या बरेच दिवस जगल्या, काही लवकर मेल्या. आणि मेलेली अळी खाऊनही पिल्लं वाढली. बीळ बुजवतानासुद्धा एक माशी काटेकोर, तर दुसरी उरकून मोकळी.

आता फाब्रला मोडीत काढू नका. पेकहॅम यांची अमोफिला वेगळ्या जातीची होती, त्यामुळे फाब्रने पाहिलेलं खोटं ठरत नाही. कोसळतो तो फक्त ‘च’. थोडी चूक खपते म्हटल्यावर हळूहळू सुधारणेलाही वाव उरतो.

आपण मात्र उलटं करतो. माश्यांमाश्यांतला फरक ‘एरर’ म्हणून बाजूला सारतो आणि सरासरीची गोष्ट सांगतो. पेकहॅम यांच्यासाठी तो फरक हाच डेटा होता.

तुमच्या सिनॉप्सिसमधले सगळे ‘च’ आज शोधून काढा. प्रत्येकामागे काय पाहिलंय, ते समासात लिहा. समास कोरा राहिला, तर ‘च’ खोडा.